सल्ला हवा: विल्यम मार्शलच्या घराण्याची वंशावळ कशी लावायची?

मध्ययुग_वाचक:
मध्ययुगीन इंग्लंडमधला सरदार विल्यम मार्शल (सु. ११४७–१२१९) आणि त्याच्या घराण्यावर मराठीत मोठा लेख लिहायला घेतला आहे. तीन ठिकाणी अडलं आहे. एकाच नावाची माणसं फार आहेत. पाच मुलगे असूनही घराणं २६ वर्षांत कसं बुडालं, हे नीट मांडता येत नाही. आणि त्याच्या चरित्रकाव्यावर किती भिस्त ठेवावी? शिवाय लंडनला एक दिवस आणि वेल्समध्ये दोन दिवस हाताशी आहेत. काय बघावं?

वंशवेल:
सुरुवात मुलग्यांपासून करू नका, मुलींपासून करा. बहुतेक वंशावळी इथेच फसतात. मुलग्यांच्या पाच फांद्या काढल्या की पाचही तुटलेल्या दिसतात (साल मृत्यूचं): विल्यम १२३१, रिचर्ड १२३४, गिल्बर्ट १२४१ (हर्टफर्डला, घोडेस्वार सरदारांच्या युद्धसामन्यात), वॉल्टर आणि अँसेल्म दोघेही १२४५ च्या अखेरीस. औरस संतती कुणालाच नव्हती. मग जहागिरीचे पाच वाटे पाच बहिणींच्या शाखांकडे गेले. १२४७ ची ती वाटणी कागदावर मधोमध मांडा.

मॉडकडे मार्शलपद (राजदरबारातलं घराण्याचं पद), वेल्समधलं चेपस्टो आणि आयर्लंडमधलं कार्लो. इझाबेलच्या वंशाकडे आयर्लंडमधलंच किलकेनी. सिबिलला सात मुली, त्यामुळे तिथल्याच किल्डेअरचे पुन्हा सात तुकडे. ईव्हाच्या मुलींकडून आयर्लंडमधलं डनामेस मॉर्टिमर घराण्याकडे. जोनच्या मुलीकडे वेल्समधलं पेम्ब्रोक, आणि तिचा नवरा विल्यम द व्हॅलन्स हा राजा तिसरा हेन्री याचा सावत्र भाऊ. हे एकदा दिसलं की पुढच्या शंभर वर्षांतली बडी घराणी एकमेकांना कुठे चिकटली ते कळतं. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस हा मार्शलचा खापरपणतू: मुलगी इझाबेल, नात इझाबेल, पणतू रॉबर्ट, त्याचा मुलगा राजा.

नावांसाठी एक सोपी युक्ती. प्रत्येक नावापुढे मृत्यूचं साल लिहा आणि स्त्रियांच्या बाबतीत माहेर-सासर दोन्ही. मार्शलची बायको इझाबेल द क्लेअर, म्हणजे माहेरची क्लेअर. त्याची मुलगी इझाबेल लग्न होऊन क्लेअरांच्या घरात गेली. आई-मुलीची इथे हमखास अदलाबदल होते. थोरल्या इझाबेलचे आईवडील विसरू नका: आई आयफा, आयर्लंडमधल्या लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याची मुलगी; वडील रिचर्ड द क्लेअर, म्हणजे स्ट्राँगबो. ११८९ च्या लग्नाने मार्शलला जमीन मिळाली ती या बाईमुळे.

दप्तरी:
वरच्याला अनुमोदन. ‘मार्शल’ हे आधी पद, मग आडनाव. आपल्याकडे पागनीस, फडणीस झाले तसंच, आणि मूळ काम घोड्यांचंच. बाप जॉन फिट्झगिल्बर्ट, थोरला भाऊ जॉन. तो ११९४ मध्ये वारल्यावर पद विल्यमकडे आलं. त्याआधीच्या मजकुरात त्याला पदाधिकारी म्हणू नका.

चरित्रकाव्य जुन्या फ्रेंचमध्ये, १९,२१४ ओळींचं. ते थोरल्या मुलाने करवून घेतलं आणि १२२६ च्या सुमारास पुरं झालं, म्हणून बाजू घरचीच. ११५२ मध्ये न्यूबरीच्या वेढ्यात राजा स्टीफनकडे ओलीस असलेल्या लहानग्या विल्यमवर बापाने पाणी सोडलं, ‘हातोडा आणि ऐरण माझ्याकडे आहे’ (म्हणजे आणखी पोरं घडवीन) म्हणाला, हा प्रसंग तिथूनच येतो. तो वापरा, पण ‘काव्यानुसार’ असं लिहून. आयर्लंडमधल्या फर्न्सच्या बिशपच्या शापाने वंश खुंटला, ही गोष्ट तेराव्या शतकातला बखरकार मॅथ्यू पॅरिस सांगतो. तीसुद्धा कारण म्हणून देऊ नका.

तारखांत एक खड्डा आहे. राजा जॉनचा राज्याभिषेक ११९९ चा, आणि तो ख्रिस्तारोहणाच्या सणाला झाला. तो सण दरवर्षी सरकतो, म्हणून त्याची राज्यवर्षं (राज्याभिषेकाच्या सणापासून मोजलेली वर्षं) कमीजास्त लांबीची भरतात. तिसऱ्या हेन्रीची वर्षं मात्र २८ ऑक्टोबर १२१६ पासून सरळ मोजता येतात. पैशात मार्क म्हणजे १६० पेन्स, पौंड २४०. मार्कला पौंड समजलात तर रक्कम दीडपट फुगते.

गडवाट:
लंडनला टेम्पल चर्च. मार्शल तिथेच पुरला आहे, आणि त्याचा व विल्यम, गिल्बर्ट या मुलांचा म्हणून दाखवतात असे दगडी पुतळे गोल दालनात जमिनीवर आडवे आहेत. मे १९४१ च्या बाँबहल्ल्यात आगीने जळतं छत त्यांच्यावर कोसळलं, म्हणून चेहरे झिजलेले नाहीत, फुटलेले आहेत. जवळ वाकून ढालीवरचा सिंह बघा. जायच्या आदल्या दिवशी उघडण्याच्या वेळा तपासा, समारंभ असला की दार बंद असतं.

वेल्समध्ये पहिला दिवस चेपस्टोला. तिथे आत ठेवलेले लाकडी दरवाजे चुकवू नका, त्यांचं लाकूड ११९० च्या आधी तोडलेलं आहे. दुसरा दिवस पेम्ब्रोकला. गोल बुरुज सुमारे २४ मीटर उंच, वर दगडी घुमट. दोन्ही गड एका दिवसात उरकायला जाऊ नका, ते दक्षिण वेल्सच्या दोन टोकांना आहेत.

मध्ययुग_वाचक:
आभार. १२४७ ची वाटणी मधोमध घेऊन तक्ता नव्याने मांडते. रिचर्डचा मृत्यू कुठे दाखवू, इंग्लंडमध्ये की आयर्लंडमध्ये?

वंशवेल:
आयर्लंडमध्ये. एप्रिल १२३४, किल्डेअरजवळच्या कुराखच्या मैदानावरच्या लढाईत झालेल्या जखमांनी.