लोखंड खरंच इतकं अपारदर्शक, की बॅकग्राउंड जास्त वजा झालं?

किरणकर्ता: अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या झेड मशीनवर (प्रचंड विजेच्या झटक्याने क्ष-किरण निर्माण करणारं यंत्र) लोखंडाचा प्लाझ्मा साधारण 19 ते 23 लाख केल्विनपर्यंत तापवून त्याची अपारदर्शकता (दर ग्रॅम पदार्थ किती उजेड अडवतो) मोजली, आकडे 2015 मध्ये छापले. तरंगलांबीनुसार सिद्धान्तापेक्षा 30 ते 400 टक्के जास्त! सूर्याच्या कंपनांवरून दिसणारं अंतरंग आणि ऑक्सिजन-कार्बनच्या नव्या, कमी प्रमाणांवर बेतलेली मॉडेलं जुळत नव्हती; अपारदर्शकता जास्त निघाली तर ही तफावत कमी होते, त्यामुळे सौरवाल्यांना हायसं वाटलं. मला नाही वाटत. फिल्मवर उमटलेला प्रत्येक किरण नमुन्यातून सरळ आलेला नसतो. स्पेक्ट्रोमीटरमधला स्फटिक क्ष-किरण तरंगलांबीनुसार वेगळे करतो, पण ब्रॅगच्या नियमाने (निम्म्या तरंगलांबीचे किरणही त्याच कोनात परततात) 12 अँगस्ट्रॉमच्या जागेवर 6 अँगस्ट्रॉमवालेही दुसऱ्या क्रमाने येऊन बसतात, काही स्फटिकावरून विखुरतात, शिवाय तापलेला नमुना स्वतःच उजळतो. हे सगळं बॅकग्राउंड अंदाजपंचे वजा करायचं आणि उरलेल्याच्या जोरावर अणुभौतिकीला धारेवर धरायचं?

शेंडेनक्षत्र_७: अहो, पण चूक कुठल्या बाजूला जाते ते तरी बघा! समजा नमुन्यातून खरोखर 20 टक्के उजेड पार होतो. मूळ उजेडाच्या 5 टक्के बॅकग्राउंड दोन्ही मोजमापांत (नमुन्यासह आणि नमुन्याविना) मिसळलं आणि ते वजाच केलं नाही, तर पारगमन (पार होणारा वाटा) दिसेल 23.8 टक्के. अपारदर्शकता पारगमनाच्या लॉगॅरिदमवरून निघते, तो काढा: अपारदर्शकता 11 टक्के *कमी* येते. म्हणजे तुम्ही दाखवलेल्या घुसखोरांनी आकडा खाली ओढायला हवा. इथे तर तो वर गेलाय.

किरणकर्ता: म्हणूनच शीर्षकात 'जास्त वजा' लिहिलंय राव. तेच 5 टक्के गरज नसताना काढून टाका, अपारदर्शकता 15 टक्के वर जाते.

शेंडेनक्षत्र_७: पंधरा. आणि भरायचेत चारशेपर्यंत.

गणिताची_वही: मला त्याहून 2019 चा निकाल जास्त बोलका वाटतो. त्याच यंत्रावर क्रोमियम आणि निकेलही तपासले. वर्णपटातल्या रेषा (ठरावीक तरंगलांब्यांवरचं शोषण) तिन्हींच्या सिद्धान्तापेक्षा रुंद निघाल्या, ते भांडण वेगळं. पण कमी तरंगलांबीच्या, जवळजवळ सलग भागात क्रोमियम-निकेल सिद्धान्ताशी जुळले, लोखंड तेवढं वर राहिलं. स्पेक्ट्रोमीटर लबाड असेल तर तो लोखंडावरच का दात धरतो?

किरणकर्ता: नमुना बदलला की पारगमन बदलतं, त्याबरोबर चुकीचा परिणामही. तेव्हा 'तिथे जुळलं म्हणून इथेही बरोबर' हा युक्तिवाद अर्धाच आहे. लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या निफ या यंत्रावर लेसरने तापवून, वेगळ्या स्पेक्ट्रोमीटरने हीच मोजणी करायची खटपट उगाच झाली का? (तिथेही बॅकग्राउंडनेच छळलं, हा भाग निराळा.)

गणिताची_वही: स्वतंत्र यंत्र हवंच, त्यात वाद नाही. पण तुमचा संशय झेडवरच पकडता येतो, नमुन्याची जाडी बदलून. 20 टक्के पार होणारा नमुना दुप्पट जाड केला की 4 टक्के पार होईल. आता दोन्ही जाडींसाठी, नमुन्यासह आणि नमुन्याविना अशा दोन्ही मोजमापांतून मूळ उजेडाच्या 2 टक्के जादा वजा करा. पातळ नमुन्याची अपारदर्शकता 5 टक्के वर जाईल, जाडाची 21. पदार्थ एक, तापमान-घनता एक, आणि दर ग्रॅममागे आकडे दोन! वजाबाकीत घोळ असेल तर असा फरक दिसलाच पाहिजे. न दिसल्यास तुम्हाला दुसरा आरोपी शोधावा लागेल: नमुन्यात मिसळलेल्या मॅग्नेशियमच्या रेषांवरून काढलेलं तापमान, नाहीतर तापण्याच्या त्या क्षणभरात बदलत जाणारा नमुना.

किरणकर्ता: क्षणभरात बदलणारा नमुना हा मुद्दा मान्य. फिल्म सगळा वेळ एकत्रच टिपते. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.