रास्पबेरी पाय ४ आणि पॉवर्ड हब: हब लावलेला असला की बूटच होत नाही

रिकामटेकडा_८२:
रास्पबेरी पाय ४ (एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर) आहे, घरचे फोटो ठेवायला दोन २.५ इंची हार्डडिस्क लावल्यात. आधी डायरेक्ट लावलेल्या तर कॉपी चालू असताना एक डिस्क मधेच गायब व्हायची, म्हणून स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी ३ हब आणला, तर आता नवीनच नाटक, पाय बंद करून परत चालू केला की ढिम्म, हब उपटला की लगेच बूट, आणि नंतर हब लावला तर सगळं सुरळीत. हाच हब लॅपटॉपवर मस्त चालतो. पाय ५ घेऊ का सरळ?

तारकटमाणूस:
डिस्क गायब व्हायची कारण पाय ४ चारही पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतो, दोन फिरत्या डिस्कांना ते पुरत नाही. हब आणलात ते योग्यच. आता एक करा, हब चालू ठेवून पायची पॉवरची टाइप-सी वायर काढा आणि लाल एलईडी बघा. पेटलेला दिसला तर हब उलटा ५ व्होल्ट ढकलतोय, त्यामुळे पाय नीट बंदच होत नाही.
आणि पाय ५ ने काही होणार नाही हो, ५ अँपिअरचा अडॅप्टर नसेल तर तो सगळ्या पोर्टांना मिळून ६०० मिलीअँपिअर देतो, असेल तर १.६ अँपिअर. तुमच्याकडे जुना ३ अँपिअरचाच अडॅप्टर असेल ना?

रिकामटेकडा_८२:
च्यायला, मंद पेटलेलाच राहतो!! हो, ३ चाच आहे. मग हब फेकू?

सोल्डरबाई:
फेकू नका. हबच्या प्लगमध्ये पुढच्या चार पट्ट्या दिसतील, कडेच्या दोनपैकी एक ५ व्होल्टची, दुसरी ग्राउंडची, मल्टीमीटरने खात्री करून ५ व्होल्टवालीवर कॅप्टॉन टेप (वीज न वाहणारी पातळ टेप) लावा. काही हबना ती लाइन मिळाली नाही तर पाय जोडलाय हेच कळत नाही, तसं झालं तर मात्र बदलून घ्या, दुकानात हीच एलईडीची टेस्ट करून.
एवढं करूनही डिस्क गायब झाली तर डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या सिस्टिम लॉगमध्ये) यूएएसच्या, म्हणजे यूएसबी डिस्कशी जलद बोलायच्या पद्धतीच्या, एरर शोधा. डिस्कला यूएसबीशी जोडणाऱ्या काही सॅटा-यूएसबी चिपांचं पायशी जमत नाही, त्या चिपच्या आयडीसाठी सीएमडीलाइनच्या (बूटच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये क्वर्क, म्हणजे खास अपवादाची सेटिंग, टाकून यूएएस बंद करायचं, स्पीड थोडा पडतो. फाइलमध्ये सगळं एकाच ओळीत हवं, एंटर मारलात की बसा बोंबलत.

रिकामटेकडा_८२:
टेप लावली, हब लावलेला असतानाच बूट झाला. डिस्कांचं रात्रभर कॉपी लावून कळवतो.