मोबाइल ॲपच्या युनिट टेस्टमध्ये मॉक: डेटाबेस आणि नेटवर्कला तरी नकोत, असं माझं मत

रावेर_अँड्रॉइड (धागा सुरू करणारा)

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्या छोट्या टीम शेतमालाची ॲप बनवतात, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय. केळीची पावती, कापसाचं माप, दूध संकलन, काहीही असो. मी पाहिलेल्या बऱ्याच कॉटलिन (अँड्रॉइड ॲपची भाषा) प्रोजेक्टमध्ये युनिट टेस्टचा, म्हणजे कोडचा एकेक छोटा भाग तपासणाऱ्या कोडचा, एकच साचा दिसतो. रिपॉझिटरी (डेटा आणणारा-साठवणारा थर) घ्यायची, तिचा डीएओ (डेटाबेसशी बोलणारा भाग) मॉक करायचा, म्हणजे त्याच्या जागी सांगू तेच उत्तर देणारी नकली वस्तू ठेवायची, एपीआय (सर्व्हरशी बोलणारा भाग) मॉक करायचा, लॉगर (नोंदी लिहिणारा) मॉक करायचा आणि शेवटी दोन-तीन व्हेरिफाय (‘ही मेथड बोलावली का’ अशी तपासणी) ठोकायचे. टेस्ट हिरवी, म्हणजे पास. पण या टेस्टने नेमकं काय तपासलं? आपण लिहिलेल्या ओळी आपण लिहिलेल्या क्रमाने चालल्या, एवढंच. व्यापाऱ्याने स्वतःच्याच मापांनी स्वतःचा काटा तपासावा, तसं हे आहे.

नुसतं मत देत नाही, उदाहरण घ्या. बागेत केळीची कटाई होते, वजनं होतात, पावती फोनमध्ये साठते. पावतीचं एक टेबल, वजनाच्या नोंदींचं दुसरं, दोघांमध्ये फॉरेन की (एका टेबलाची ओळ दुसऱ्याच्या ओळीशी बांधणारा दुवा) आणि तिच्यावर डिलीटसाठी कॅस्केड, म्हणजे मूळ ओळ गेली की तिच्याशी बांधलेल्या ओळीही जातात. रेंज आली की पावती सर्व्हरकडे जाते आणि त्या दिवसाचा बोर्ड भाव (बाजारात जाहीर होणारा केळीचा दर) लावून परत येते. परत आलेली पावती साठवायला डीएओत इन्सर्ट आहे आणि त्याला रीप्लेसची स्ट्रॅटेजी दिली आहे. वाचायला अगदी बरोबर वाटतं. पण एसक्यूलाइटचं (फोनमधल्या डेटाबेसचं) रीप्लेस जुनी ओळ बदलत नाही. ते ती ओळ काढून टाकतं आणि नवीन घालतं. ओळ निघाली की कॅस्केड चालतं आणि त्या पावतीच्या सगळ्या वजनाच्या नोंदी फोनमधून जातात. शेतकऱ्याला पावती दिसते, भाव दिसतो, वजनं मात्र गायब.

मॉक केलेल्या डीएओवर लिहिलेली टेस्ट इथे काय म्हणेल? इन्सर्ट एकदा बोलावलं, पास.

माझं म्हणणं असं की डीएओसाठी रूमचा (एसक्यूलाइटवर बसणारी अँड्रॉइडची लायब्ररी) मेमरीतला डेटाबेस वापरा, नेटवर्कसाठी खरा एचटीटीपी बोलणारा मॉकवेबसर्व्हर (टेस्टमध्येच चालणारा छोटा सर्व्हर) वापरा, आणि उरलेल्या ठिकाणी हाताने लिहिलेले साधे फेक, म्हणजे खऱ्यासारखे वागणारे पण सोपे पर्याय. मॉकिटो, मॉकके या मॉक बनवणाऱ्या लायब्ररी प्रोजेक्टमधून काढल्या तरी चालतील. गूगलचं अँड्रॉइडसाठीचं मार्गदर्शनही मॉकपेक्षा फेकला पसंती देतं. त्यांचं नाऊ इन अँड्रॉइड हे नमुना ॲप मॉकिंग लायब्ररीशिवायच टेस्ट केलेलं आहे, कोड सगळ्यांना वाचायला खुला आहे.

भुसावळ_कॉटलिन

दादा, तुमचं उदाहरण शंभर टक्के खरं आहे, निष्कर्ष मात्र पटला नाही. रीप्लेस आणि कॅस्केडचा दोष हा डीएओचा दोष आहे. तो रिपॉझिटरीच्या टेस्टमध्ये सापडला नाही म्हणून मॉकला का धरायचं? डीएओची वेगळी टेस्ट खऱ्या रूमवर लिहायलाच हवी. ती नसेल तर उणीव तिथे आहे.

आणि तुम्ही ज्या फेकचं कौतुक करताय, तो कसा असतो? आत एक मॅप. इन्सर्ट केलं की मॅपमध्ये किल्लीवर नवीन वस्तू. त्याला ना फॉरेन की माहीत, ना कॅस्केड. तुमच्या या उदाहरणात फेकनेही टेस्ट हिरवीच दाखवली असती. उलट मॉक वाचताना निदान कळतं की इथे काही खरं नाही. फेक खऱ्यासारखा वागतो, म्हणून माणूस त्याच्यावर जास्त विसंबतो. फेक हाही कोडच आहे. त्याला कोण सांभाळणार? दोन-तीन जणांच्या टीममध्ये प्रत्येक इंटरफेसमागे (मेथडची नुसती यादी) एक फेक लिहायचा, डीएओत मेथड वाढली की फेकमध्येही वाढवायची, हे काम कुणाच्या वाट्याला येतं ते आपल्याला माहीत आहे.

अजून एक. फेकसाठी इंटरफेस लागतो. मग एक इंटरफेस आणि त्याचा जगातला एकमेव इम्प्ल (प्रत्यक्ष कोड असलेला क्लास), अशा जोड्यांनी कोड भरतो. कॉटलिनचे क्लास मुळातच फायनल असतात, म्हणजे त्यांच्यावरून दुसरा क्लास काढता येत नाही, ही अडचण पूर्वी होती. मॉकिटो 5 मध्ये, म्हणजे 2023 पासून, इनलाइन मॉक मेकर (मॉक बनवण्याची नवी पद्धत) मुळातच चालू आहे, त्यामुळे फायनल क्लासही थेट मॉक होतो. एवढ्यासाठी कोडची रचना बदलायची गरज उरलेली नाही.

रावेर_अँड्रॉइड

मॅपवाल्या फेकचा मुद्दा अगदी बरोबर. म्हणूनच डीएओला मी फेकही सुचवला नाही, खरी रूम सुचवली. रोबोलेक्ट्रिकवर (अँड्रॉइडचा कोड संगणकावर चालवणारं साधन) ती जेव्हीएममध्ये, म्हणजे संगणकावरच्या जावामध्ये, चालते, फोन लावावा लागत नाही. फेक रिपॉझिटरीच्या वरच्या थरात वापरायचा, व्ह्यूमॉडेलच्या (स्क्रीनला डेटा पुरवणारा भाग) टेस्टमध्ये. आणि फेकवर विश्वास ठेवायचा तर एकच टेस्ट क्लास फेकवर आणि खऱ्या रिपॉझिटरीवर, दोन्हींवर चालवायचा. जे एकाला लागू ते दुसऱ्याला लागू. फेक खोटं बोलू लागला की तिथेच लाल होतो. मॉकला अशी परीक्षा देताच येत नाही, कारण प्रत्येक टेस्टमध्ये तो नव्याने जन्माला येतो आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं उत्तर देतो.

कोडची रचना बदलायची गरज नाही, याचीच मला काळजी वाटते. एका क्लासच्या टेस्टला सात मॉक लागतात तेव्हा तो क्लास सात जणांशी बोलतोय हे दिसायला हवं. इनलाइन मॉकने ते दुखणं झाकलं जातं.

धुळे_फ्लटर

फ्लटर या ॲप बनवायच्या साधनाकडून सांगते. त्याच्या डार्ट भाषेमध्ये प्रत्येक क्लास आपोआप इंटरफेसही असतो, त्यामुळे इम्प्लिमेंट्स लिहून फेक करायला वेगळा इंटरफेस लागत नाही. भुसावळकरांची ती तक्रार आमच्याकडे उरत नाही. उलट डार्टच्या मॉकिटोसाठी नल सेफ्टी (नल कुठे चालेल हे भाषेनेच तपासणं) आल्यापासून बिल्ड रनर हे साधन चालवून कोड तयार करावा लागतो. साध्या लॅपटॉपवर ते थांबणं खूप जाणवतं. मॉकटेल या दुसऱ्या मॉक लायब्ररीला ते लागत नाही, म्हणून बरेच जण तिकडे गेले. मी मात्र फेककडे वळले आणि समाधानी आहे.

शहादा_टेस्टर

तुम्ही दोघं डेटाबेसवर भांडताय, मला नेटवर्कचं बोलायचं आहे. अक्राणी, तोरणमाळकडे ॲप तपासून पाहा. तिथे रेंज नसण्यापेक्षा वाईट स्थिती म्हणजे रेंज अर्धवट असणं. विनंती सर्व्हरपर्यंत पोचते, सर्व्हर पावती साठवतो, उत्तर परत येताना घाटात जोडणी तुटते. फोनच्या दृष्टीने पाठवणं फसलं, म्हणून तो पुन्हा पाठवतो. सर्व्हरवर एकाच मालाच्या दोन पावत्या.

आता रेट्रोफिटचा (सर्व्हरशी बोलायची लायब्ररी) इंटरफेस मॉक करून आयओ एक्सेप्शन (जोडणी फसल्याचा एरर) फेकलं, तर टेस्टमध्ये ‘विनंती गेलीच नाही’ आणि ‘विनंती गेली, उत्तर आलं नाही’ या दोन्ही गोष्टी एकसारख्याच दिसतात. शेतकऱ्याच्या हिशोबात मात्र त्यांच्यात एका पूर्ण पावतीचा फरक आहे. मॉकवेबसर्व्हरमध्ये उत्तराच्या मधोमध जोडणी तोडता येते, उत्तर मुद्दाम संथ सोडता येतं, मुळीच न देताही येतं. मग दुसरी विनंती हातात घेऊन बघायचं: तिच्यावर पहिल्याचाच ओळख क्रमांक आहे का? तो नवीन तयार झाला असेल तर सर्व्हर बिचारा दोन्ही पावत्या खऱ्या मानणार.

शिवाय ओकेएचटीटीपी (रेट्रोफिटच्या खाली जोडणी सांभाळणारी लायब्ररी) जोडणी तुटल्यावर काही वेळा स्वतःहून पुन्हा प्रयत्न करतं, ती सोय मुळातच चालू असते. इंटरफेस मॉक करणाऱ्याला हे आयुष्यभर दिसणार नाही.

या मुद्द्यावर मी पूर्णपणे रावेरच्या दादांच्या बाजूने. पण मॉकके काढून टाका वगैरे मला जास्त वाटतं.

चोपडा_नवीन

भाऊ, तुमनं म्हननं माले पटनं नही. आम्ही शिकाऊ पोरं. मुलाखतीत मॉकिटोच विचारतात. आणि रोबोलेक्ट्रिक पहिल्यांदा चालवलं की अँड्रॉइडची भलीमोठी जार फाइल उतरवत बसतं, घरच्या नेटवर ते जड जातं. पहिली टेस्ट सुरू व्हायलाही काही सेकंद जातात. मॉकची टेस्ट क्षणात होते. रोज चालवायची तर वेगाला किंमत नाही का?

रावेर_अँड्रॉइड

वेगाला किंमत आहेच. जार एकदाच उतरते, पुढे कॅशमधून येते, त्यामुळे ते दुखणं पहिल्या दिवसापुरतं. आणि सगळ्याच टेस्ट रोबोलेक्ट्रिकवर नकोत. रास, वजन, भाव, कपात यांचा हिशोब शुद्ध कॉटलिन फंक्शनमध्ये ठेवला तर त्याला ना मॉक लागतो ना रोबोलेक्ट्रिक, आणि त्या टेस्ट मॉकपेक्षाही लवकर संपतात. तारखेसाठीसुद्धा मॉक नको, ठरावीक वेळ देणारं क्लॉक जावाच्या लायब्ररीतच आहे.

एक विनंती: लॉगच्या ओळीवर ‘नॉट मॉक्ड’ असा एरर आला की बिल्ड फाइलमध्ये रिटर्न डिफॉल्ट व्हॅल्यूज चालू करून मोकळं होऊ नका. त्यानंतर अँड्रॉइडची प्रत्येक मेथड निमूटपणे शून्य किंवा नल देते आणि टेस्ट पुढे सरकते. मॉककेचा रिलॅक्स्ड मॉक हीच गोष्ट करतो. कुणी न सांगता भाव शून्य देतो. केळीच्या पावतीत भाव शून्य आणि टेस्ट हिरवी, ही मला या सगळ्यातली सर्वांत घातक गोष्ट वाटते.

भुसावळ_कॉटलिन

रिलॅक्स्डबद्दल सहमत, तो मीही वापरत नाही. मॉकिटोचे स्ट्रिक्ट स्टब्ज चालू ठेवले तर न वापरलेला स्टबही (मॉकला आधी सांगून ठेवलेलं उत्तर) टेस्ट पाडतो. हत्यार बेफिकिरीने वापरलं जातं म्हणून हत्यारच फेकायचं, हे मला मान्य नाही.

आता माझी बाजू नीट मांडतो. पावती पक्की झाली की शेतकऱ्याला एक एसएमएस जातो. इथे तपासायची गोष्ट ॲपच्या साठवलेल्या स्थितीत कुठेच दिसत नाही. डेटाबेसमध्ये काही बदलत नाही, स्क्रीनवर काही येत नाही. ‘एसएमएस पाठवणाऱ्याला नेमकं एकदा बोलावलं, आणि पावती रद्द झाली असेल तर एकदाही नाही’, हीच या वैशिष्ट्याची पूर्ण व्याख्या आहे. ते सांगायला व्हेरिफायची एक ओळ पुरते. पैसे देण्याचं तसंच. इथे संवाद हाच निकाल आहे.

अमळनेर_शिकवणी

मी मुलांना टेस्टिंग शिकवतो, म्हणून थोडा इतिहास सांगतो. तो या वादात कामाचा आहे. टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी 2000 साली मॉक ऑब्जेक्टची कल्पना एका परिषदेत मांडली. 2004 साली फ्रीमन, मॅकिनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या लेखात स्पष्ट सांगितलं की मॉक फक्त आपल्या मालकीच्या टाइपचे करा. बाहेरच्या लायब्ररीचे नकोत. मॉकचा उपयोग त्यांना दिसला तो रचना शोधण्यासाठी: हा क्लास दुसऱ्याकडून काय मागतो, ती भूमिका कोणती, हे टेस्ट लिहिताना उलगडावं म्हणून.

रूमचा डीएओ आपण लिहितो, पण त्याच्या मागचं वागणं एसक्यूलाइटचं. रेट्रोफिटचा इंटरफेस आपण लिहितो, पण वागणं ओकेएचटीटीपीचं. नाव आपलं आणि आतला कारभार परक्याचा, म्हणून तिथे मॉक फसवतो. भुसावळकरांचा एसएमएस पाठवणारा मात्र पूर्णपणे आपल्या ॲपने ठरवलेली भूमिका आहे. तिथे मॉक त्याच्या मूळ जागी आहे. माझ्या मते रावेरचे सर एका बाबतीत टोकाला जातात आणि भुसावळचे सर डीएओच्या बाबतीत जुन्या सवयीला चिकटतात.

रावेर_अँड्रॉइड

सर, एसएमएससाठीही मी पाठवलेल्या निरोपांची यादी ठेवणारा फेक लिहीन. चार ओळींचा होतो. टेस्टमध्ये यादीत एकच निरोप आहे का, त्यात वजन आणि भाव बरोबर आहेत का, हे बघायचं. व्हेरिफाय करताना मंडळी पॅरामीटरच्या जागी ‘कुठलंही चालेल’ लिहून सुटतात. मग निरोप दुसऱ्याच शेतकऱ्याला गेला तरी टेस्ट पास. यादी ठेवली की निरोप वाचावाच लागतो.

भुसावळ_कॉटलिन

ती चार ओळींची यादी म्हणजे हाताने लिहिलेला स्पाय (काय बोलावलं ते नोंदवून ठेवणारी नकली वस्तू). मी तेच लायब्ररीकडून करून घेतो आणि पॅरामीटर पकडून तपासतो. इथे आपण दोघं एकच काम वेगळ्या हातांनी करतोय, त्यामुळे ते सोडून देऊ. डीएओचं मी मान्य करतो, रिपॉझिटरीच्या टेस्ट खऱ्या रूमवर हलवायला हव्यात. तुमच्या कोडमध्येही रीप्लेसऐवजी अपसर्ट घाला, रूम 2.5 पासून ते आहे, जुनी ओळ असेल तर ती काढत नाही, अपडेट करते.

पण ब्लूटूथच्या वजनकाट्याचं काय कराल? ब्लूटूथ डिव्हाइस आणि ब्लूटूथ सॉकेट (काट्याशी जोडणी) हे दोन्ही क्लास फायनल, डिव्हाइसला पब्लिक कन्स्ट्रक्टर नाही, म्हणजे टेस्टमध्ये तो आपण तयार करू शकत नाही. तिथे मॉकशिवाय गत्यंतर नाही, असं मी म्हणतो.

शहादा_टेस्टर

गत्यंतर आहे. काट्याकडून येतात ते बाइट. वाचणाऱ्या कोडला सॉकेट देऊच नका, फक्त इनपुट स्ट्रीम (बाइट वाचायचा प्रवाह) द्या. टेस्टमध्ये खऱ्या काट्यावरून टिपलेले बाइट बाइट ॲरेच्या स्ट्रीममधून सोडा. आणि ते तोडून सोडा, हे महत्त्वाचं. एक वजन दोन तुकड्यांत येऊ शकतं. पहिल्या तुकड्यात ‘24’ आणि दुसऱ्यात ‘.60’ आलं, तर तुमचा कोड 24 किलो धरून पुढे जातो का, ते तिथेच कळतं. सॉकेट मॉक करणारा माणूस नेहमी पूर्ण वजन एकाच वेळी परत देतो, कारण त्याला तुकडे सुचतच नाहीत.

भुसावळ_कॉटलिन

हे पटलं. बाइट टिपायला कुठलं साधन वापरता? आमच्याकडे दोन कंपन्यांचे काटे आहेत आणि दोघांची ओळ संपवण्याची पद्धत वेगळी आहे.

शहादा_टेस्टर

वेगळं साधन नको. डिबग बिल्डमध्ये स्ट्रीमभोवती एक वेष्टण घाला, जे वाचलेला प्रत्येक तुकडा वेळेसह फाइलमध्ये लिहितं. मोजणी सुरू असताना फोन काट्यापासून लांब नेऊनही एकदा टिपून घ्या. दोन्ही काट्यांच्या फाइली टेस्ट रिसोर्समध्ये वेगवेगळ्या ठेवा.