डिप्रेशनमध्ये व्यायाम सुरूच होत नाहीये, काय करू?

पहाटवारा:
तीन महिने झाले कशात मन लागत नाही, झोप उडालीये, डॉक्टरांनी सौम्य डिप्रेशन सांगितलं आणि रोज चाला म्हणाल्या, पण अंथरुणातून उठायचीच ताकद नसते तर चालू कशी? घरचे म्हणतात मनावर घे. कोणाला जमलंय का?

निळीशाई:
नुसतं मनावर घेऊन नाही जमत गं, हा आजारच उठू देत नाही. मला मैत्रिणीमुळे जमलं, ती रोज फक्त खाली येऊन उभी राहायची, फार बोलायची पण नाही, ती थांबलीये म्हणून मी चपला घालायचे. पहिला आठवडा १० मिनिटंच. आधी पाय हलतात, मूड मागून येतो, थेरपीत याला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात.

सावलीझाड:
+१. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते पण तो आकडा आत्ता बघूच नकोस, कमी चाललं तरी फरक पडतो. गोळ्या चालू असतील तर स्वतःहून बंद नको करूस. आणि जगावंसं वाटत नाही असे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांग, प्लीज.

पहाटवारा:
रडू आलं वाचून. बहिणीला आत्ताच मेसेज केलाय, उद्या सकाळी येशील का म्हणून.