गाईला सड किती?

माहीमकर: रविवारी मित्राकडे ‘मॅन विथ अ प्लॅन’ (१९९६) पाहिला. मॉक्युमेंटरी, म्हणजे माहितीपटाचं सोंग. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधला फ्रेड टटल नावाचा म्हातारा गोठेवाला, शिक्षण बेताचं, खिसा रिकामा. काम कमी नि पगार बरा म्हणून थेट संसदेला उभा राहतो. दिग्दर्शक जॉन ओब्रायन त्याच्याच गावचा. खरी गंमत पुढे आहे. १९९८मध्ये टटल खरोखरच सिनेटसाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागायला उतरला. समोर जॅक मॅकमुलन, मॅसॅच्युसेट्सहून नुकता आलेला पैसेवाला. चर्चेत टटलने विचारलं, गाईला सड किती? गडी म्हणाला, सहा. (असतात चार.) उमेदवारी टटलला मिळाली. मुंबईत कुणीतरी हे करायला हवं. एखाद्या मासेवालीला उभं करा. ती समोरच्यापुढे दोन मासे ठेवेल नि विचारेल, यातला हलवा कुठला?

गिरगावचा_सदू: आणि मग? टटल उभा राहिला तो मुळात सिनेमाची जाहिरात व्हावी म्हणून. उमेदवारी जिंकल्यावर म्हणाला, माझं मत विरोधी पक्षाच्या पॅट्रिक लेहींनाच. ज्यांनी याच्यासाठी रांगा लावल्या ते काय बावळट? आपल्याकडे मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ महापालिकेत एक नगरसेवक नव्हता. गटार तुंबलं तर जायचं कुणाकडे, हा प्रश्न होता. अशा शहराला सोंगं परवडत नाहीत.

माहीमकर: सदूभाऊ, एवढं सांगूनही नोव्हेंबरात त्याला वीस टक्क्यांच्या वर मतं पडली. आपल्याकडचा एक-षष्ठांशाचा नियम लावला तर डिपॉझिट वाचलं की! प्रचाराचा खर्चही त्याने जाहीर केला होता, २५१ डॉलर. व्हरमाँटमध्ये गावंच तेवढी, म्हणून गावामागे एक. आपल्या विधानसभेला एका उमेदवाराची मर्यादा ४० लाख. ती पाळली कशी जाते ते आपण दोघांनीही पाहिलंय.

चारकोपची_वहिनी: सड म्हणजे आचळ ना? मग मीही पडले असते, मला वाटलं दोन.

भांडुपकर: मला त्या प्रश्नावर हसूच आलं नाही. मॅकमुलनचा गुन्हा काय, तर तो बाहेरून आला. हेच कुणी इथे स्टेशनवर टॅक्सीवाल्याची परीक्षा घेत विचारलं तर आपल्यापैकी निम्मे लोक त्याला गुंडगिरी म्हणतील नि उरलेले टाळ्या वाजवतील. तिकडे मात्र गोड म्हातारा! टोपी नि गोठा दिसला की आपण विरघळतो. सिनेमा स्वस्तात केलाय, कॅमेरा हलतो, बोलणारे गावकरीच वाटतात, म्हणून ते भाबडं आणि खरं वाटतं. युक्तीच ती आहे.

माहीमकर: युक्ती आहे, मान्य. पण प्रश्न जन्म कुठला हा नव्हता. ज्यांच्या जिवावर ते राज्य चाललं त्या गोठ्यात कधी वाकलायस का, असा होता. टॅक्सीवाला मत मागायला येत नाही, उमेदवार येतो. त्याला विचारायचंच. दादरला मध्य रेल्वेचा जुना एक नंबर प्लॅटफॉर्म आता कितवा? रोज गर्दीत उतरणारा झोपेतही आठ म्हणेल, मग तो जन्मला कुठेही असो.

भांडुपकर: मला माहीत नव्हतं. आमच्या तीन पिढ्या इथल्या, पण मी ऑफिसला बाइकने जातो. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन जौनपूरचा, आत्ताच त्याला विचारलं. आठ म्हणाला, वर धीम्या लोकलचा म्हणून सांगितलं. तुमच्या हिशेबाने उमेदवार कोण?

माहीमकर: तोच. फॉर्म आणा, सूचक म्हणून सही माझी.

भांडुपकर: विचारलं तेही. चौदा वर्षं गेटवर आहे, नाव अजून जौनपूरच्याच मतदार यादीत.