बेळगावच्या पावसाळ्यात लेपर्ड गेकोला घर कसं करायचं?

अनगोळ_वेस:
नमस्कार मंडळी. भावानं हौसेनं लेपर्ड गेको (ठिपक्यांची पाळीव पाल) आणून दिलाय, अजून पिल्लूच आहे, वीतभर पण नाही. सध्या माशांच्या जुन्या टाकीत ठेवलाय, दीड फूट बाय एक फूट, खाली बारीक वाळू, वर लाल बल्ब. पाऊस लागून राहिलाय, घरात नुसता गारठा आणि ओल, आणि हा गडी खायचाच बंद झालाय. पुढच्या पायाच्या बोटांवर कातेचे पांढरे तुकडे चिकटून बसलेत. शिवाय दिवसातनं दोनतीनदा करंट जातो. नीट घर करून द्यायचंय, आधी काय घेऊ ते व्यवस्थित सांगा प्लीज.

टिळकवाडी_पाल:
पहिलं ऊब बघ, सजावट नंतर. हा मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान, वायव्य भारत इकडच्या कोरड्या खडकाळ भागातला, अंगाला ऊब मिळाली तरच खाल्लेलं पचतं, आणि गार पडला की खाणंच सोडतो. टाकीच्या एका टोकाला साधारण एक तृतीयांश तळाखाली हीट मॅट (करंटवर तापणारी पातळ चटई) लाव आणि ती थर्मोस्टॅटवरच चालव, म्हणजे ठरवलेली ऊब झाली की ती आपोआप बंद होते. अंडी उबवायच्या इन्क्युबेटरला जो डिजिटल कंट्रोलर लावतात तो पण चालतो, फक्त त्याचा सेन्सर आत, उबेच्या बाजूला जमिनीलाच टेकलेला पाहिजे. तिथं 31 ते 33 डिग्री आणि दुसऱ्या टोकाला 24 ते 26, म्हणजे तो त्याच्या मनानं इकडं तिकडं करतो. थर्मोस्टॅट नसला तर काच तापत जाते आणि पोट भाजतं, तिथं पैसे वाचवू नकोस. लाल बल्ब रात्री बंद कर, तो उजेड त्याला दिसतो.

निप्पाणीकर:
वाळू आजच्या आज काढ रे. किडा पकडताना ती पोटात जाते आणि आतडं तुंबतं, पिल्लांत तर जास्तच. रानात पण हे नुसत्या वाळूत राहत नाहीत, कडक माती आणि दगडांत राहतात. सध्या टिश्यू पेपर घाल, शेण बघता येतं. नंतर शहाबादी फरशीचा तुकडा बसव, ऊब धरून ठेवते आणि नखं पण घासली जातात.
आणि ऊस-तंबाखूच्या शेतातले नाकतोडे आणून घालू नकोस, फवारणी झालेली असते. काजवे तर अजिबात नकोत, विषारी असतात. मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या) घरीच वाढव, गव्हाचा कोंडा आणि गाजराची फोड एवढ्यावर होतात. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, आणि घालताना कॅल्शियम-डी3 पावडरीत घोळव.

खानापूर_कुंभारवाडा:
लपायला तीन जागा लागतात, उबेत एक, गारव्यात एक आणि एक ओलसर. आमच्या खानापूरची मातीची लहान मडकी यासाठी एकदम बेस्ट, तोंड कानशीनं घासून गुळगुळीत करायचं, आत ओला करून पिळलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालायचा आणि आडवं ठेवायचं. कात तिथं बसून काढतो बघ. आता तुला वाटंल पावसात एवढी ओल असताना वेगळी कशाला, पण बाकी टाकी कोरडीच पाहिजे, म्हणून वर काचेचं झाकण न ठेवता जाळी लाव.
बोटांवरच्या कातेला उशीर करू नकोस. कोमट पाण्यात, पोटाच्या खालपर्यंतच, दहा मिनिटं उभा कर आणि ओल्या कापसाच्या काडीनं हळूच सोडव. ओढू नको. ती कात काकणासारखी आवळत जाते, रक्त थांबतं आणि बोटच झडतं.

अनगोळ_वेस:
खूप आभार सगळ्यांचे. वाळू काढली, पेपर घातला. करंट गेल्यावर काय करू पण? आणि टाकी मोठी आत्ताच घेऊ का?

टिळकवाडी_पाल:
मॅट फारतर 15-20 वॉटची असते, घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालते. नसला तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून टाकीला बाहेरनं लाव, वर चादर टाक, जाळी पूर्ण झाकू नको. काही तास 20-22 डिग्रीत मोठा गेको तग धरतो, पिल्लाकडं जरा जास्त लक्ष ठेव. तेवढ्या वेळात खायला मात्र घालू नकोस, न पचलेलं पोटात कुजतं.
टाकी आत्ता आहे ती चालेल, वर्षभरात तीन फूट बाय दीड फूट कर, 15-20 वर्षं जगणारा प्राणी आहे. त्यात दुसरा आणून सोडू नकोस, नर नर तर जीव जाईपर्यंत भांडतात.

निप्पाणीकर:
शेपटी रोज बघ, सगळी चरबी तिथं असते. ऊब बरोबर करून पण खाईना आणि शेपटी बारीक व्हायली तर वाट बघू नको, ताजं शेण डबीत घालून सरडे-कासवं बघणाऱ्या डॉक्टरकडं ने, जंत असू शकतात. कुणाकडनं घेतलाय त्याची पावती पण भावाकडनं मागून ठेव आणि वनखात्यात नोंदणीचं विचारून घे. रानातला धरून पाळणं गुन्हा आहे, तो हा नव्हे हे दाखवता आलं पाहिजे.