‘नेबरहूड डेटा’ला मराठीत काय म्हणाल?

शब्दवेडा: एक अहवाल मराठीत करतोय, लोकांनी आपल्या भागाची माहिती वापरून आपले निर्णय कसे घ्यावेत असा विषय. पानोपानी नेबरहूड डेटा. ‘शेजार-विदा’ (विदा म्हणजे डेटा) लिहून बघितलं तर शेजाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढल्यासारखं वाटतंय :)

टाकबोरू: शेजार म्हणजे फार तर चार दारं हो. ‘वस्ती’ चांगला आहे पण बऱ्याच जणांना त्यात फक्त झोपड्या दिसतात, बंगल्यांच्या भागाचाही डेटा असतोच की. ‘प्रभाग’ नकोच, निवडणुकीसाठी हद्द बदलली की जुना आकडा नव्याशी ताडता येत नाही. मी ‘परिसर’ घेईन.

उंटावरचा: परिसर ठीक, पण आधी बघा की हद्द आखलीय कुणी. अमेरिकेतला अहवाल असेल तर आकडे बहुतेक सेन्सस ट्रॅक्टचे असणार, म्हणजे साधारण १२०० ते ८००० लोकांचा तुकडा, तो जनगणनेच्या सोयीने पाडलेला, आणि लोक ज्याला ‘आमचा भाग’ म्हणतात तो दोन-तीन ट्रॅक्टमध्ये विभागलेला असू शकतो. तिथे सरळ ‘गणना-विभाग’ लिहा. नाहीतर कुणीतरी सभेत ‘आपल्याकडे इतके टक्के गरीब’ म्हणून उभा राहील आणि त्या सरासरीत पलीकडचे बंगलेही मिसळलेले असतील. शिवाय ट्रॅक्टचे उत्पन्नाबित्पन्नाचे आकडे पाच वर्षांचा सर्व्हे एकत्र करून काढतात, एका वर्षाचं सँपल एवढ्याशा भागाला पुरत नाही, म्हणून ‘सध्या’ हा शब्दही जपून वापरा.

शब्दवेडा: बाप रे. आणि इंडिकेटर? मी ‘निर्देशांक’ केलंय.

टाकबोरू: बदला! निर्देशांक म्हणजे इंडेक्स, पाच-सात गोष्टी कालवून काढलेला एक आकडा. इंडिकेटर म्हणजे ‘दर्शक’. रिकामी घरं किती, शाळेत सतत गैरहजर पोरं किती, हे दर्शक, यावर सभेत काहीतरी ठरवता येतं. निर्देशांक ६२ आला, बरं मग? करायचं काय?

उंटावरचा: +१. आणि ‘विदा’ सभेत कुणाला कळणार नाही, ‘आकडेवारी’त नकाशे बसत नाहीत. ‘नोंदी’ बघा. लंडनमध्ये १८५४ च्या कॉलऱ्यात डॉक्टर जॉन स्नोने हेच केलं, मेलेल्यांची घरं कुठली, तिथले लोक पाणी कुठल्या पंपाचं प्यायचे, आणि हे सगळं तिथल्या पॅरिशच्या (चर्चच्या हद्दीवरून पडलेला स्थानिक कारभाराचा भाग) मंडळापुढे ठेवल्यावर ८ सप्टेंबरला ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढला. साथ तोवर उतरणीला लागली होती ते सोडा, पण निर्णय तिथल्याच मंडळाने घेतला ना.

शब्दवेडा: मग ‘परिसराच्या नोंदी’ करतो. ट्रॅक्ट येईल तिथे गणना-विभाग, तळटीप देऊन. निर्देशांक मात्र चाळीसेक ठिकाणी बदलावा लागणार 😭